आत उघडणारं कवाड

बसमध्ये चढले की मामा आधी उतरायचं दार बघायचे, मग बसायची जागा. चहाच्या दुकानात भिंतीला पाठ लावून, तोंड रस्त्याकडे करून बसायचे. कुणाच्या घरी गेले तर चपला काढताना त्यांची टोकं बाहेरच्या दिशेला वळवून ठेवायचे. लिफ्टमध्ये पाऊल टाकत नसत. डॉक्टरांनी तपासायच्या खोलीचं दार लोटून घेतलं की मामांचा रक्तदाब चढायचा, आणि डॉक्टर त्या रक्तदाबावर गोळ्या लिहून द्यायचे. घरच्या न्हाणीघराला आतून कडी नव्हती. जो आत असेल त्यानं गात राहायचं, असा घरचा कायदा होता. मामींना गळा अजिबात नव्हता. तरी लग्न झाल्यापासून त्या रोज गात आल्या.

आणि कुठलंही नवं दार दिसलं की मामा ते एका बोटानं हलकेच ढकलून बघायचे. कुठल्या बाजूला उघडतंय, एवढंच. बाहेर उघडलं तर पुढे चालायला लागायचे. आत उघडलं तर थोडा वेळ तिथेच उभे राहायचे.

असा माणूस उभं आयुष्य दारावर नोकरी करत होता.

नाट्यगृहात ते डोअरकीपर होते. तिकीट फाडायचं, बॅटरीच्या उजेडात खुर्ची दाखवायची, पडदा वर गेला की दार लोटून घ्यायचं. सगळे त्यांना मामा म्हणत. नेमके कुणाचे मामा, हे कुणी विचारलं नव्हतं.

तिकीटखिडकीवर नवी मुलगी आली तेव्हा तिला पहिला आठवडा जड गेला. साहित्यात पदवी घेतलेली, दुसरी नोकरी मिळेपर्यंत म्हणून आलेली. तिकिटं जमली, पण दारं जमेनात. कारण या नाट्यगृहातल्या दारांना आकडे नव्हते. मामांनी प्रत्येक दाराला एकेक शब्द वाटून दिला होता. पुढचा काचेचा, तो दरवाजा. लॉबीतून प्रेक्षागृहात जायचं, ते दार. मागच्या अंगणात नेपथ्याचा ट्रक येतो ते लोखंडी, ते फाटक, आणि फाटकाच्या पोटात माणसापुरती दिंडी. प्रेक्षागृहाच्या डाव्या हाताला, गल्लीकडचं जुनं, दोन झडपांचं लाकडी, ते कवाड. झाडूवाल्यापासून साहेबांपर्यंत सगळे तसंच बोलत. खिडकीवालीनं एका पाहुण्याला दारात थांबायला सांगितलं आणि स्वतः त्याला दरवाज्यात शोधत बसली.

"सरळ एक नंबर, दोन नंबर म्हणा ना, मामा."

"आकडा ऐकला की माणूस मोजायला लागतो. अंधारात मोजायला सवड नसते." मग तिच्याकडे बघून ते हसले. "का हो पंडितबाई, तुमच्या पुस्तकात हे सगळे शब्द एकच ना?"

"समानार्थी. पण अगदी एकच नाहीत. लोकांचे उंबरठे झिजवायचे असतात, फाटकं झिजवली असं कुणी म्हणत नाही. पाहुणा दारी येतो, दरवाजी येत नाही."

"हां. दार माणसाचं. दरवाजा मालकाचा. फाटक सरकारचं. आणि द्वार स्वर्गाचं, म्हणून ते मी इथे कुणालाच दिलं नाही. एवढ्यात घाई नको."

"आणि कवाड?"

मामांचं हसू ओसरलं. "कवाड लागलेलं असतं, पोरी. कवाड म्हटलं की ते बंदच."

"मनाची कवाडं उघडतात की. भाषणांत."

"भाषणांतच."

कवाड मामांच्या जिवाला लागून राहिलं होतं, हे तिला हळूहळू कळलं. एके काळी ते बाहेर उघडायचं. मग गल्लीत रंगाचं दुकान आलं. रंगवाल्यानं भिंतीकडेला डब्यांची उतरंड लावली. तैलरंग, वॉर्निश, पातळ करायचं टर्पेंटाइन. कवाड उघडलं की झडप डब्यांवर आपटायची. भांडणं झाली. तेव्हाच्या साहेबांनी शहाणपणा केला: बिजागऱ्या काढून कवाड उलटं बसवलं. आता ते आत उघडतं. डबे जागच्या जागी, भांडण मिटलं. वर फुकटे शिरू नयेत म्हणून आतून आडवा अडसर.

दर प्रयोगाआधी मामा तो अडसर गुपचूप काढून ठेवायचे. आपलं स्टूल दाराशी न ठेवता कवाडाशी ठेवायचे. प्रयोग संपेपर्यंत त्यांनी कधी रंगमंचाकडे बघितलं नाही. इतक्या वर्षांत त्यांनी एकही नाटक पाहिलं नव्हतं. प्रेक्षकांच्या पाठी पाहिल्या होत्या.

"अडसर काढता ना? झालं तर मग," खिडकीवाली एकदा म्हणाली.

"इकडे ये." प्रेक्षागृह रिकामं होतं. मामांनी तिला कवाडासमोर उभं केलं. अगदी जवळ, नाक फळीला लागेल असं. "आता मी मागून रेटतो. तू उघड."

त्यांनी तिच्या पाठीवर एक तळवा ठेवला आणि भार दिला. तिनं कडी धरून ओढली. झडप बोटभर आली आणि तिच्याच पायांना अडली. मागे सरकावं तर मागे मामांचा हात. तिनं पुन्हा ओढलं. तिचंच अंग दाराच्या आड येत होतं.

"मी एकटा म्हातारा आहे," मामा तिच्या कानामागे म्हणाले. "सगळं थिएटर मागे असलं तर?"

त्यांनी हात काढला.  त्या संध्याकाळी खिडकीच्या खोलीत शिरताना तिनं पहिल्यांदा बघितलं, तिच्या खोलीचं दार कुठल्या बाजूला उघडतं ते. आत उघडत होतं.

नंतर एका दुपारी, बॅटऱ्यांची भिंगं पुसत बसले असताना, मामांनी तिला ते सांगितलं. मामींशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं.

तेव्हा मामा मिसरूड फुटलेले. एका गोदामात कुणी सिनेमा दाखवायचा घाट घातला होता. मामांना दारावर उभं केलं, कारण त्यांचा आवाज मोठा होता. मोठा भाऊ आत बसला होता, फुकटात, धाकट्याच्या वशिल्यानं. दादा ऐटीत म्हणाला होता, "माझा भाऊ द्वारपाल आहे, म्हटलं." मामांनी दार ओढून घेतलं आणि बाहेर बिडी ओढत उभे राहिले. आत कुठेतरी दिवा पडला. आग लागलीच नाही. फक्त कुणीतरी ‘आग’ म्हणालं.

"आतून आवाज आला. मी कडी काढली. दार आत उघडायचं होतं. उघडेना. मग मी ढकलायला लागलो. आत माणसं, बाहेर मी. फटीतून दादाचा आवाज आला. ढकल रे, म्हणाला. मी ढकललं. सगळा जीव लावून ढकललं." मामा भिंग पुसत राहिले. "पलीकडे तोच होता ना फळीला चिकटलेला. मी त्याच्यावरच ढकलत होतो."

खिडकीवालीनं हातातली बॅटरी खाली ठेवली. नंतर तिनं विचारलं, "मग पुन्हा दारावरच नोकरी का धरली?"

"ज्याला पोहता येत नाही त्यानं काठावर बसून बुडणाऱ्यांवर लक्ष ठेवू नये का?" ते म्हणाले आणि उठून अडसर बघायला गेले. अडसर काढलेलाच होता.

कवाड पुन्हा बाहेर उघडणारं करा, एवढं एकच मागणं त्यांनी प्रत्येक नव्या साहेबापुढे ठेवलं होतं. आत्ताचे साहेब भले गृहस्थ होते. पण रंगवाल्याच्या तोंडाला घाबरायचे.

"मामा, इतक्या वर्षांत काही झालंय का?"

"नाही, साहेब."

"मग?"

"म्हणूनच, साहेब."

"तुम्ही म्हणजे ताकसुद्धा फुंकून पिता."

"तोंड दुधानं पोळलंय."

"आधी त्या रंगवाल्याला पटवा. मग बघू."

मामा रंगवाल्याकडे गेले. खिडकीवाली बरोबर होती. रंगवाला डब्यावर बसून डब्याला टेकला होता.

"मामा, माझे डबे तुमच्या कवाडाला खातात का हो?"

"डबे नाही खात. डब्यांत आहे ते खातं."

"अहो, मी या वासात दिवसभर बसतो. मला काही होत नाही आणि तुम्ही भिंतीपलीकडे घाबरता! थोडी हिंमत धरा की."

"हिंमत तुमच्याकडेच ठेवा, शेठ. डबे तेवढे हलवा."

रंगवाला पोट धरून हसला. डबे हलले नाहीत.

आणि मग तो रविवार आला.

दुपारी बालनाट्य होतं. खुर्च्या भरल्या होत्या, मांड्याही भरल्या होत्या. खिडकी बंद करून ती मुलगी मागच्या भिंतीशी उभी राहिली. रंगमंचावर राजा होता, त्याची मिशी एका बाजूनं सुटत होती आणि मुलं त्यालाच हसत होती. तेवढ्यात तिला वास आला. इस्त्री विसरल्यावर येतो तसा.

तिनं कवाडाकडे बघितलं. मामा स्टुलावरून उठलेले होते. चेहरा कागदासारखा पांढरा. ते भिंतीकडेनं तिच्यापर्यंत आले. चालत. धावत नाही.

"डाव्या विंगेत दिव्याला कापड लागलंय. कवाडाशी जा. दोन्ही झडपा आत ओढ, भिंतीला लावून धर. कुणी काही म्हणालं तरी सोडायच्या नाहीत."

"मामा, ओरडून सांगू का सगळ्यांना?"

"ओरडलीस तर या जन्मी तुझ्याशी बोलणार नाही. पळू नकोस. चाल."

ती चालली.  प्रत्येक रांगेच्या टोकाला एक लहान पाय लोंबत होता. तिनं डावी झडप ओढली, मग उजवी. बाहेरची गल्ली, ऊन, आणि समोर रंगाच्या डब्यांची उतरंड. ती दोन झडपांमध्ये धावपळ करत होती. शेवटी एका झडपेला मामांचं स्टूल लावलं आणि दुसरीला स्वतःची पाठ.

रंगमंचावर राजा छाती काढून म्हणाला, "माझ्या राज्यात कुणाची हिंमत आहे—" आणि पडदा धाडकन खाली आला. राजाचा एक बूट बाहेरच राहिला. मुलं खिदळली. दिवे लागले. घंटा वाजली. नेहमीची, मध्यंतराची, आळसावलेली घंटा. पडद्याच्या फटीतून मामा पुढे आले.

"मध्यंतर!" त्यांचा आवाज अजून मोठा होता. "मंडळी, मध्यंतर झालं. आधी मागच्या रांगा. या बाजूच्यांनी गल्लीत, त्या बाजूच्यांनी लॉबीत. मुलांचे हात धरा. सावकाश, चहा निवत नाही."

"अहो, आत्ता तर सुरू झालं!" एक गृहस्थ उठता उठता म्हणाले.

"नाटक चिमुकलं, मध्यंतर दांडगं," दुसरे म्हणाले. "लेखक चहावाल्याचा जावई दिसतो."

"आई, राजा मेला का?"

"नाही रे, बूट घालायला गेलाय. चल, शू करून येऊ."

माणसं कुरकुरत उठली. आळस देत, पदर सावरत, बाटल्या शोधत. मध्यंतराला कुणी पळत नाही. मामांनी हे वर्षानुवर्षं त्यांच्या पाठींकडे बघून शिकून घेतलं होतं.

रांगा कवाडातून बाहेर पडू लागल्या. मुलं तिच्या पोटाला घासत जात होती. एकानं डब्याला लाथ मारली, डबा गडगडत गेला, तिचं काळीज त्याच्यामागे गडगडत गेलं. आतून, पडद्यामागून, धावत्या पावलांचे आणि पाण्याचे आवाज येत होते. हे फक्त तिला ऐकू येत होतं, असं तिला वाटलं. तिला मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं. तिनं दातांत ओढणी धरली.

मधल्या रांगांतली एक बाई थबकली. पडद्याच्या वरच्या कडेनं धुराची बारीक रेघ निघाली होती. बाईनं वर बघितलं. तिचं तोंड उघडलं. तिच्यामागे अजून अर्धं थिएटर होतं.

मामा एव्हाना खाली उतरून तिच्यासमोर उभे होते. त्यांनी खुर्चीवरची एक पिशवी उचलून तिच्या हातात दिली. "ताई, तुमची पिशवी राहतेय."

बाईनं तोंड मिटलं. पिशवीकडे बघितलं. पिशवी तिची नव्हती. पण हातात आल्यावर ती निमूट चालायला लागली.

सगळे बाहेर पडले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. विंगेतलं कापड ओढून विझवलं होतं. भिंतीवर माणसाएवढा काळा डाग उरला. अंगणात मुलं राजाची मिशी ओढत होती. साहेब धावत आले तेव्हा खिडकीवाली अजून झडपेला पाठ लावून उभी होती. तिला हलता येईना. मामा पायरीवर बसले होते. त्यांचे दात एकमेकांवर वाजत होते. बोलायला गेले तर बोबडी वळली. ज्यानं एवढ्या माणसांना चहाला पाठवलं, त्याला स्वतःला पाण्याचा पेला धरता येत नव्हता.

साहेब त्यांच्याजवळ खाली बसले. "मामा, कवाड फिरवून घ्या. रंगवाल्याचं मी बघतो."

बघावं लागलं नाही. रंगवाला आपल्या दुकानाच्या दारात उभा राहून मुलं जाताना बघत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीची ती बाजू मोकळी होती. 

पण मामांची भीती गेली नाही. उलट वाढली. "आता हो म्हणालेत. आता तर काम राहायलाच नको," ते म्हणत. सुताराला त्या आठवड्यात वेळ नव्हता आणि शनिवारी प्रयोग होता. मामांनी नेपथ्यवाल्यांकडून पटाशी, हातोडी आणि पेचकस मागून आणला. मामांचा बाप सुतार होता, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

शुक्रवारी सकाळपासून ते कवाडाशी होते. खिडकीवाली खिळे धरत होती. चौकटीच्या आतली पट्टी काढली, ती फिरवून बसवली. जुन्या स्क्रूंच्या भोकांत लाकडाच्या खुंट्या ठोकल्या. बिजागरीची पानं बसतील अशी खाचांची नवी घरं कोरली. उजवी झडप बसली. मामांनी ती लोटली. ती गल्लीत उघडली, उन्हात. मामा तिच्यातून बाहेर गेले, आत आले, पुन्हा बाहेर गेले. 

"आता खूश ना?" तिनं विचारलं.

"अर्धा," ते म्हणाले. "अर्धं दार उघडं असलं की सगळे त्या अर्ध्यातच घुसतात. ते जास्त वाईट. आज दुसरी झालीच पाहिजे."

त्यांना दरदरून घाम येत होता. थांबा म्हटलं तर थांबेनात. डावी झडप काढून त्यांनी गल्लीत भिंतीला टेकवली. वरचं घर कोरलं, मधलं कोरलं. जेवणाची वेळ टळून गेली होती.

"मामा, निदान चहा तरी."

"आण. तोवर खालचं घेतो."

ती चहा घेऊन आली तेव्हा रंगवाला गल्लीत गुडघ्यावर बसून मामांचे तळहात चोळत होता. त्याच्या हातांचा निळा रंग मामांच्या तळव्यांना लागला होता. तो नुसता "मामा, अहो मामा" म्हणत होता. चहाचं काय झालं, तिला आठवत नाही. डॉक्टर हृदय म्हणाले. आणखीही काही म्हणाले.

मामी आल्या. त्यांनी मामांकडे बघितलं आणि मग तिच्याकडे.

"आत होते की बाहेर?"

"बाहेर, मामी. गल्लीत."

मामींनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिल्या.

साहेबांनी शनिवारचा प्रयोग रद्द केला. ज्यांनी तिकिटं काढली होती त्यांना खिडकीवाली सांगत होती, काही कारणानं. तिला त्याहून मोठं वाक्य जमत नव्हतं.

उजवी झडप बाहेर उघडते. डावी अजून गल्लीत भिंतीला टेकून उभी आहे. वरच्या आणि मधल्या बिजागरीची घरं स्वच्छ कोरलेली आहेत, कडा सरळ. खाली पेन्सिलीनं आखलेला चौकोन आहे. त्याच्या एका कडेवर पटाशीचा एकच घाव आहे.